स्टेरॉइडची गोळी घरीच बंद केली, आणि बाराव्या दिवशी सासूबाई कोसळल्या

वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात:

माझ्या सासूबाई ६१ वर्षांच्या आहेत. साडेतीन वर्षांपूर्वी आमवातासाठी डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन १० मि.ग्रॅ.ची गोळी दिली होती. गुण आला, मग डॉक्टरांकडे जाणं सुटलं आणि जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून गोळी चालूच राहिली. चेहरा गोल झाला, साखर वाढायला लागली, म्हणून जूनमध्ये आम्ही घरीच गोळी बंद केली. आठ-नऊ दिवसांनी मळमळ, उलट्या आणि उठलं की चक्कर सुरू झाली. बाराव्या दिवशी पहाटे त्या न्हाणीघरात कोसळल्या. दवाखान्यात बीपी ८०/५०, साखर ५८, सोडियम १२६, पोटॅशियम ४.१ आणि सकाळचं कॉर्टिसॉल १.८ निघालं. 'ॲड्रीनल ग्रंथी काम करत नाहीत' असं सांगून आता हायड्रोकॉर्टिसोन सुरू केलंय: सकाळी १०, दुपारी ५, संध्याकाळी ५. गोळीवर 'स्टेरॉइड' वाचून घरात सगळे धास्तावलेत. ज्यानं हे झालं तेच पुन्हा का द्यायचं? ग्रंथी मेल्या का? दीर म्हणतात जेष्ठमधाचा काढा चालू करा, शेजारी म्हणतात मिठाचं पाणी पाजा. आणि हरतालिकेचा निर्जळ उपास सोडायला सासूबाई तयार नाहीत. काय करू?

— कराडजवळच्या गावातून एक वाचक

ताई,

सगळ्यात आधी एवढं करा: उद्या सकाळची गोळी चुकवू नका, आणि घरातल्या कुणालाही ती परस्पर बंद करू देऊ नका. जूनमध्ये जे झालं ते पुन्हा होऊ शकतं आणि दर वेळी माणूस वेळेत दवाखान्यात पोचतोच असं नाही. सासूबाईंच्या ग्रंथी मेलेल्या नाहीत. आटल्या आहेत. बहुतेकांच्या हळूहळू पूर्ववत होतात, पण तोवर ही गोळी म्हणजे त्यांच्या शरीरानं रोज स्वतः बनवायला हवा होता तो रस आहे. ती बाहेरून घातली नाही तर दुसरीकडून तो येणार नाही.

आता हे कसं घडलं ते बघू. दोन्ही मूत्रपिंडांच्या टोकावर टोपीसारखी एकेक छोटी ग्रंथी बसलेली असते. तीच ॲड्रीनल, मराठीत अधिवृक्क. वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. तिच्यात खरं तर दोन वेगळ्या ग्रंथी एकात एक बसवलेल्या आहेत. आतला गाभा ॲड्रीनलिन बनवतो. अंगावर कुत्रं धावून आलं की छाती धडधडते, तळहाताला घाम सुटतो, ते त्याचं काम. रक्तात ते दोन-तीन मिनिटंच टिकतं. बाहेरच्या सालीचे तीन थर आहेत आणि तिन्हींचा कच्चा माल एकच, कोलेस्टेरॉल. सगळ्यात वरचा थर अल्डोस्टेरॉन बनवतो, जे मूत्रपिंडाला मीठ राखायला आणि पोटॅशियम बाहेर टाकायला सांगतं. मधला जाड थर कॉर्टिसॉल बनवतो. सगळ्यात आतला थर पुरुषी संप्रेरकांची कच्ची रूपं तयार करतो. त्याचा आज आपल्याला विचार करायचा नाही.

सासूबाईंच्या बाबतीत बिघडलाय तो मधला थर. निरोगी शरीर दिवसाला साधारण १० मि.ग्रॅ. कॉर्टिसॉल बनवतं. ते दिवसभर सारखं झिरपत नाही. मध्यरात्री जवळजवळ तळाला जातं, पहाटे तीन-चारनंतर चढू लागतं आणि सकाळी सहा ते आठच्या दरम्यान टोक गाठतं. आपण उठायच्या आधीच शरीर दिवसाची तयारी करतं ते असं. रात्रभराच्या उपाशी पोटी यकृतानं साखर तयार करायची असते, तिला कॉर्टिसॉल लागतं. आणि रक्तवाहिन्यांनी ॲड्रीनलिनचं ऐकून आवळायचं असतं, तेही कॉर्टिसॉल असल्याशिवाय त्या नीट ऐकत नाहीत. आता तुमचे दवाखान्यातले आकडे पुन्हा वाचा: पहाटेची वेळ, साखर ५८, बीपी ८०/५०. ज्या घटकेला कॉर्टिसॉल सर्वांत जास्त असायला हवं त्याच घटकेला त्यांच्या रक्तात ते १.८ मायक्रोग्रॅम होतं. त्या वेळी निरोगी माणसाच्या रक्तात ते सहसा दहाच्या वर असतं.

हा थर आपल्या मनानं काम करत नाही. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस आणि त्याखाली पिट्युटरी ग्रंथी असते. पिट्युटरी एसीटीएच नावाचं संप्रेरक सोडते, तो ॲड्रीनलला हुकूम. कॉर्टिसॉल पुरेसं झालं की वरचे दोघं हुकूम कमी करतात. प्रेडनिसोलोन मेंदूला कॉर्टिसॉलसारखंच दिसतं. रोज सकाळी आयतं येऊन पडतंय म्हटल्यावर पिट्युटरीनं हुकूम पाठवणं थांबवलं. धार काढायची थांबली की म्हैस आटते, तसा हुकूम थांबल्यावर तो थर आटत गेला आणि आकारानंही बारीक झाला. साडेतीन वर्षांनी जूनमध्ये तुम्ही गोळी थांबवली तेव्हा आतून काही येत नव्हतं आणि बाहेरूनही येणं बंद झालं.

आता 'तेच औषध पुन्हा का' याचा हिशेब. ५ मि.ग्रॅ. प्रेडनिसोलोन म्हणजे २० मि.ग्रॅ. हायड्रोकॉर्टिसोन. म्हणजे आधीची १० ची गोळी हायड्रोकॉर्टिसोनच्या मापात ४० होत होती. आता मिळतंय २०, बरोबर निम्मं. तोंडानं घेतलेल्याचा काही भाग वाया जातो हे धरून शरीराची रोजची गरज १५ ते २५ च्या आसपास बसते. हायड्रोकॉर्टिसोन हे कॉर्टिसॉलचंच औषधी नाव आहे, दोन्ही रेणू एकच. चेहरा गोल होणं, साखर वाढणं, कातडी पातळ होणं, हाडं ठिसूळ होणं हे सगळं गरजेपेक्षा जास्त मात्रा वर्षानुवर्षं घेतल्यामुळे होतं. गरजेएवढंच भरून काढलं तर ते होत नाही. रोजच्या पाटाच्या पाण्यासारखं याकडे बघा.

गोळीची वेळ मात्र नीट पाळा. सकाळची १० मि.ग्रॅ. जाग आल्या आल्या, चहाच्या आधी घेतली तरी चालेल. उशाशी तांब्या-भांडं आणि गोळी ठेवली तर उत्तम. दुपारची बारा-एकला. आणि तुम्ही 'संध्याकाळी' लिहिलंय ती चार-पाचच्या आत घ्या. सातनंतर घेतली तर रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. शरीराच्या घड्याळाप्रमाणे त्या वेळी कॉर्टिसॉल खाली यायला हवं. एखादी गोळी राहिली तर आठवल्याबरोबर द्या.

मिठाचं पाणी नको. तुमच्या शेजाऱ्यांनी ऐकलेली गोष्ट दुसऱ्या आजाराची आहे, आणि ती ओळखणं महत्त्वाचं आहे. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधले डॉक्टर थॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली ॲड्रीनल ग्रंथीच नासलेल्या रुग्णांचं वर्णन केलं. त्यांच्या बऱ्याच रुग्णांत कारण क्षयरोग होतं, आणि आपल्याकडे आजही ते एक कारण आहे. त्या आजारात ग्रंथीची सगळी सालच खराब होते, म्हणून अल्डोस्टेरॉनही जातं. अंगातलं मीठ वाहून जातं, पोटॅशियम चढतं, रुग्णाला मीठ खावंसं वाटतं. वरून पिट्युटरी जिवाच्या आकांतानं हुकूम पाठवत राहते आणि त्या हुकुमाबरोबरच्या रसायनामुळे कातडी काळवंडते: तळहाताच्या रेषा, बोटांची पेरं, हिरड्या, जुने व्रण. अशांना हायड्रोकॉर्टिसोनबरोबर अल्डोस्टेरॉनचं काम करणारी फ्लुड्रोकॉर्टिसोनची गोळी द्यावी लागते आणि मीठही कमी करून चालत नाही.

सासूबाईंचं तसं नाही. त्यांचं पोटॅशियम ४.१, म्हणजे ठीक. अल्डोस्टेरॉनचा थर एसीटीएचवर फारसा अवलंबून नसतो. तो मूत्रपिंडातून सुटणाऱ्या रेनिन नावाच्या रसायनाचं आणि रक्तातल्या पोटॅशियमचं ऐकतो, म्हणून तो शाबूत राहिला. मग सोडियम १२६ का? कॉर्टिसॉल नसलं की मेंदू पाणी धरून ठेवणारं संप्रेरक जास्त सोडतो आणि रक्त पातळ होतं. मीठ कमी पडलं नव्हतं, पाणी जास्त साठलं होतं. हायड्रोकॉर्टिसोन सुरू झालं की हे आपोआप सुधारतं. रोजच्या जेवणातलं मीठ पुरे. वरून पाजलेलं मीठ या वयात फक्त बीपी वाढवेल. त्यांच्या हिरड्या किंवा तळहाताच्या रेषा काळवंडलेल्या दिसल्या तर मात्र डॉक्टरांना आवर्जून दाखवा.

जेष्ठमधाबद्दल दिरांना समजावून सांगा, कारण त्यांचा हेतू चांगला आहे. खोकल्याला एखादी काडी चघळली तर कुणी अडवणार नाही. रोजचा काढा ही वेगळी गोष्ट. आपल्या मूत्रपिंडात एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. ते कॉर्टिसॉलचं निष्क्रिय कॉर्टिसोन करून टाकतं, म्हणजे कॉर्टिसॉलला अल्डोस्टेरॉनच्या कुलपात किल्ली घालता येत नाही. जेष्ठमधातलं ग्लिसरायझिन नेमकं त्या विकरालाच अडवतं. मग गोळीतलं कॉर्टिसॉल मूत्रपिंडात अल्डोस्टेरॉनसारखं वागू लागतं: पाय सुजतात, बीपी चढतं, पोटॅशियम उतरतं, आणि पोटॅशियम फार उतरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. आटलेली ग्रंथी यानं तसूभरही जागी होत नाही. आणखी एक. सांधेदुखीच्या बिनलेबलच्या पुड्या आणि गोळ्या घरात असतील तर टाकून द्या. असल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं वारंवार सापडलंय. त्या 'चमत्कारासारख्या' लागू पडतात त्याचं कारण बहुतेकदा तेच, आणि त्या सोडल्यावर माणूस कोसळतो त्याचंही.

आता ज्यासाठी हे उत्तर एवढं लांबवलं तो भाग. हा कागद कापून फ्रिजवर लावा.

ताप आला, जखम झाली, न्यूमोनिया झाला की निरोगी ॲड्रीनल कित्येक पट जास्त कॉर्टिसॉल सोडते. सासूबाईंची ते करू शकत नाही, म्हणून ते काम तुम्हाला करायचंय. ताप १००.४ फॅरेनहाइटच्या वर गेला की मात्रा दुप्पट: २०, १०, १०. १०२ च्या वर गेला की तिप्पट: ३०, १५, १५. ताप उतरेपर्यंत, साधारण दोन-तीन दिवस. मग थेट नेहमीच्या मात्रेवर. एवढ्याशा दिवसांना टप्प्याटप्प्यानं उतरवायची गरज नसते. तिसऱ्या दिवशीही ताप राहिला तर डॉक्टर. दात काढायचा असेल तर आधी दंतवैद्याला सांगा आणि त्या दिवशी दुप्पट घ्या. भूल देऊन कुठलीही शस्त्रक्रिया असेल तर भूलतज्ज्ञांना पहिल्या भेटीतच सांगा, ते शिरेतून देतील. घरात पाहुणे आले, लग्नाची धावपळ आहे, मन उदास आहे, यासाठी मात्रा वाढवायची नाही. 'आज थकल्यासारखं वाटतंय' म्हणून रोज एक जादा गोळी घेत गेलं की सहा महिन्यांत आपण पुन्हा गोल चेहऱ्यावर येऊन पोचतो.

उलटी हा खरा शत्रू आहे. गोळी घेऊन अर्ध्या तासात उलटी झाली तर तीच मात्रा पुन्हा द्या. तीही पडली, किंवा जुलाब थांबत नसतील, किंवा त्या गुंगीत असतील, तर गोळ्यांचा नाद सोडा. इंजेक्शन लागतं, लगेच.

डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन हायड्रोकॉर्टिसोन १०० मि.ग्रॅ.च्या इंजेक्शनच्या दोन बाटल्या, २ मि.ली. इंजेक्शनचं पाणी आणि सिरिंजा घरात आणून ठेवा. बाटलीच्या तळाशी पांढरी पावडर दिसेल. झाकणाची टिकली उडवून रबर स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचं, सिरिंजमधून पाणी आत सोडायचं, बाटली तळहातांत अलगद घोळवायची, पाणी स्वच्छ दिसलं की सगळं ओढून घ्यायचं आणि सिरिंज उभी धरून हवा काढायची. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, गुडघा आणि कंबर यांच्या बरोबर मध्ये, सुई सरळ आत. एकदा डॉक्टरांच्या किंवा नर्सच्या देखत हातानं करून बघा म्हणजे वेळेला हात कापणार नाही. गरज नसताना एकदा दिलं गेलं तरी त्यानं अपाय होत नाही. गरज असताना द्यायचं राहिलं तर जीव जातो. इंजेक्शन दिल्यावर बरं वाटलं तरी दवाखान्यात न्यायचंच. तिथं सलाइन, साधारण पहिल्या तासात एक लिटर, आणि दर सहा तासांनी ५० मि.ग्रॅ. हायड्रोकॉर्टिसोन असं उपचाराचं स्वरूप असतं. हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर सलाइन जपून देतात. अपघात विभागात रांग असेल तरी आत जाऊन मोठ्यानं सांगा: 'ॲड्रीनलचा पेशंट आहे, आधी हायड्रोकॉर्टिसोन द्या, रिपोर्टची वाट बघू नका.' भिडेला पडू नका.

ग्रंथी परत कधी जागी होईल? आधी पिट्युटरी सावरते, मग तिच्या हुकुमानं आटलेला थर हळूहळू वाढतो. काही महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त. थोड्या लोकांत पूर्ण परत येतच नाही, हेही खरं. तपासणी सकाळी आठ-नऊ वाजता, गोळी घेण्याआधी होते. आदल्या दुपारची आणि संध्याकाळची मात्रा सोडायची का ते डॉक्टरांना विचारा, नाहीतर तपासणीत गोळीतलंच कॉर्टिसॉल मोजलं जातं. निकाल १० मायक्रोग्रॅमच्या वर गेला तर ग्रंथी सावरली असं साधारणपणे मानतात. ५ ते १० मध्ये असेल तर गोळी चालू ठेवून काही आठवडे-महिन्यांनी पुन्हा. ५ च्या खाली असेल तर अजून बराच अवकाश आहे. काही लॅब नॅनोमोलमध्ये आकडा देतात, त्याला २७.६ नं भागा. शंका राहिली तर सिनॅक्थेन चाचणी करतात: कृत्रिम एसीटीएचचं २५० मायक्रोग्रॅम इंजेक्शन आणि ३० व ६० मिनिटांनी रक्त. हुकूम दिल्यावर ग्रंथी धार देते का, एवढंच त्यात बघायचं असतं. गोळ्या सुटल्यावरही वर्षभर प्रत्येक डॉक्टरला हा इतिहास सांगा. क्षयाचं रिफॅम्पिसिन किंवा फिटचं फेनिटॉइन सुरू झालं तर तेही कळवा. ही औषधं कॉर्टिसॉल लवकर संपवतात, मात्रा वाढवावी लागते.

आमवाताकडे वेगळं बघावं लागेल. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवातानं जखडलेल्या एका बाईला कॉर्टिसोनची इंजेक्शनं दिली आणि ती काही दिवसांत हिंडू-फिरू लागली. १९५० मध्ये त्याला नोबेल मिळालं. वेदना इतक्या झटपट थांबवणारं औषध सोडवत नाही, हे समजण्यासारखं आहे. पण आमवात आटोक्यात ठेवायला मेथोट्रेक्झेटसारखी दुसरी औषधं आहेत. ती संधिवाततज्ज्ञांकडून सुरू करा. मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. ते चुकून रोज घेतल्यानं लोक दगावलेत.

इतर वाचकांसाठी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. घरातली स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरातलं नाव वाचा. प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन, डेफ्लाझाकॉर्ट, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन यांपैकी काही तोंडानं तीन-चार आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर एकदम बंद करू नका. गोळीच्या आकारावर जाऊ नका. बीटामेथासोनची अर्ध्या मि.ग्रॅ.ची एवढीशी गोळी प्रेडनिसोलोनच्या चार मि.ग्रॅ.च्या तोडीची आहे. १० मि.ग्रॅ. प्रेडनिसोलोनवरून उतरताना दर काही आठवड्यांनी एक ते अडीच मि.ग्रॅ. कमी करत ५ पर्यंत यायचं, तिथं थांबून सकाळचं कॉर्टिसॉल बघायचं आणि मग पुढं, ही साधारण रीत. दम्याचे मोठ्या मात्रेचे पंप, सांध्यातली इंजेक्शनं आणि वर्षानुवर्षं लावलेली कडक मलमंही हिशेबात धरा.

राहिला हरतालिकेचा उपास. यंदा निर्जळ नको, हे तुम्ही सून म्हणून सांगण्यापेक्षा डॉक्टरांनी त्यांच्यासमोर सांगितलेलं बरं. पाण्याबरोबर तीन वेळा गोळी घेतलीच पाहिजे, आणि पहाटेपासून पोट रिकामं राहिलं तर साखर पुन्हा ५८ वर येऊ शकते. दूध, फळं, शेंगदाण्याचा लाडू, दर तीन-चार तासांनी काहीतरी, एवढं ठेवून पूजा करता येईल. घेरी आल्यासारखं वाटलं तर लगेच साखरपाणी द्या आणि बीपी बघा. रात्री जागरण असेल तरी संध्याकाळची गोळी पुढं ढकलू नका.

आणि त्यांच्या पाकिटात आधार कार्डाच्या मागे एक चिठ्ठी ठेवा, मराठीत आणि इंग्रजीत, मोठ्या अक्षरात: 'माझी ॲड्रीनल ग्रंथी काम करत नाही. मी रोज हायड्रोकॉर्टिसोन २० मि.ग्रॅ. घेते. उलट्या, बेशुद्धी, अपघात किंवा शस्त्रक्रिया असल्यास ताबडतोब हायड्रोकॉर्टिसोन १०० मि.ग्रॅ. शिरेतून किंवा स्नायूत द्यावे.' खाली तुमचा आणि डॉक्टरांचा नंबर.